सिगारेटबंदीवरचा लेख लिहून झाला, आता तो द्यायचा कुठे?

सिगारेटवर बंदी यावी असं मनापासून वाटणारी आणि ते नीट मांडू शकणारी माणसं मुंबईत पुष्कळ आहेत. त्यांचे लेख मात्र बहुतेक वेळा एकाच वाटेने जातात. मे महिन्याचा शेवटचा आठवडा उजाडतो, ३१ मेचा जागतिक तंबाखूविरोधी दिन जवळ येतो, सगळ्यात मोठ्या खपाच्या दैनिकाचा ईमेल पत्ता शोधला जातो आणि दीड हजार शब्दांचा लेख पाठवला जातो. पुढे काहीच होत नाही. लेख चांगला असूनही पडून राहतो, कारण त्या आठवड्यात तशाच मजकुराचा ढीग लागलेला असतो आणि त्या पानावर दीड हजार शब्दांना जागाच नसते.

छापून येणं हा लेखाचा अर्धाच प्रवास आहे. ज्याने तो वाचून काही करायला हवं, त्याच्यासमोर तो पोहोचला तर उरलेला अर्धा पुरा होतो. म्हणून जागा निवडताना खप किंवा नाव यांच्या आधी एक प्रश्न विचारायचा: मी मागतोय ती गोष्ट कोणाच्या हातात आहे, आणि तो माणूस काय वाचतो? हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्याबद्दल आहे.

आधी मागणी एका वाक्यात लिहा

कोरा कागद घ्या आणि एवढंच वाक्य पुरं करा: 'हा लेख वाचून अमुक माणसाने तमुक करावं.' 'समाजाने जागं व्हावं' असं लिहिलंत तर पुन्हा लिहा. समाज नावाचा कोणी वर्तमानपत्र उघडत नाही. उघडतो तो खासदाराचा सहायक, शाळेचे मुख्याध्यापक, वॉर्ड ऑफिसातला अधिकारी, किंवा सकाळच्या चहाबरोबर सिगारेट पेटवणारा कोणाचा तरी बाप.

ही पायरी घाईने ओलांडू नका, कारण सिगारेटच्या बाबतीत कोणाचा हात कुठवर पोहोचतो याचे नियम ठरलेले आहेत. आपल्याकडचा मुख्य कायदा २००३ चा, 'कोटपा' या नावाने ओळखला जाणारा. तंबाखू उद्योगावरचं नियंत्रण केंद्राकडे असल्याचं त्या कायद्यातच म्हटलं आहे. म्हणजे सिगारेटचं उत्पादन आणि विक्री संपूर्ण बंद करायची मागणी असेल तर ती मुळात संसदेकडे जाते. अनेक लेखांत 'राज्याने गुटखा बंद केला तशी सिगारेटही बंद करावी' असं वाक्य असतं आणि जाणता संपादक तिथेच थांबतो. महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून गुटख्यावर बंदी आली ती अन्नसुरक्षा कायद्याखाली. गुटखा खाल्ला जातो, म्हणून तो अन्न ठरला आणि निकोटीन मिसळलेलं अन्न विकता येत नाही या नियमात अडकला. सिगारेट त्या कायद्यात बसत नाही.

तुमच्या बाजूचं खरं भक्कम उदाहरण ई-सिगारेटचं आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये केंद्राने अध्यादेश काढला, डिसेंबरपर्यंत संसदेने कायदा केला, आणि ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात सगळं बंद झालं. निकोटीन ओढायच्या एका साधनावर या देशाने पूर्ण बंदी घातलेली आहे, मग जे साधन कितीतरी जास्त माणसं मारतं त्याला मोकळीक का, हा प्रश्न कोणत्याही संपादकाला थांबवून वाचायला लावेल.

संपूर्ण बंदीपेक्षा धाकटी पण आजच अंमलात येऊ शकेल अशी मागणीही असू शकते. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी केली. एकेक सिगारेट विकली की पाकिटावरचा धोक्याचा इशारा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर येतच नाही, हे त्यामागचं कारण. २०१६ च्या एप्रिलपासून पाकिटाचा ८५ टक्के भाग या इशाऱ्याने व्यापलेला असतो, पण सुटी घेणाऱ्याला त्याचा उपयोग काय? शिवाय अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकायचा नाही, शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विकायचा नाही, हे कोटपातच आहे. सार्वजनिक जागी धूम्रपान केल्यास दोनशे रुपयांपर्यंत दंड आहे आणि त्याचे सविस्तर नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. यातल्या कशाची अंमलबजावणी मागत असाल तर तुमचा वाचक दिल्लीत नाही. तो मंत्रालयात, महापालिकेत, पोलीस ठाण्यात आणि तुमच्याच गल्लीत आहे.

मागणी ठरली की जागा जवळजवळ आपोआप सुचते.

संपादक विचारणारच, ते प्रश्न

मराठी संपादक हा लेख हातात घेईल तेव्हा पहिली शंका अशी येईल: महाराष्ट्रात प्रश्न सिगारेटचा आहे की मळून खायच्या तंबाखूचा? २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातले २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात. त्यात ओढणारे ३.८ टक्के आणि खाणारे किंवा लावणारे २४.४ टक्के; काही जण दोन्हींत मोजले गेले आहेत. हा आकडा लपवून लिहिलेला लेख ज्याला आकडे माहीत आहेत त्याच्यासमोर टिकत नाही. तो स्वतःहून सांगा आणि मग सिगारेटच का, हे मांडा. माझ्या मते मुंबईपुरतं सगळ्यात प्रामाणिक उत्तर दुसऱ्याच्या नाकातोंडात जाणाऱ्या धुराचं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे एकाची सिगारेट ही एकाची राहत नाही. मळलेला तंबाखू खाणाऱ्याचं तोंड जाळतो, सिगारेट शेजारी झोपलेल्या लेकराची छातीही भरते.

दुसरी शंका पोटापाण्याची. विडी आणि सिगारेट यांची सरमिसळ करू नका. सोलापुरात हजारो बायकांचं घर विडी वळण्यावर चालतं, आणि विडीचा तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीच्या शेतकऱ्यांचं १९८१ चं आंदोलन मराठी वाचक विसरलेला नाही. सिगारेटला लागणारा तंबाखू मुख्यतः आंध्र आणि कर्नाटकाच्या म्हैसूर पट्ट्यात पिकतो आणि सिगारेट यंत्रावर बनते. तुमची मागणी सिगारेटपुरती असेल तर हा फरक एका परिच्छेदात स्पष्ट करा. सगळ्याच धूम्रपानावर बंदी मागत असाल, तर त्या बायकांचं काय, याला उत्तर हवंच. ते नसेल तर लेख अजून पिकलेला नाही.

तिसरी शंका, बंदीने काळाबाजार वाढतो ही. भूतानने २००४ मध्ये तंबाखूच्या विक्रीवर बंदी आणली आणि तस्करीला कंटाळून २०२१ मध्ये ती उठवली. दक्षिण आफ्रिकेने करोनाकाळात, २०२० मध्ये, जवळपास पाच महिने विक्री बंद ठेवली तेव्हा चोरटा माल सुळसुळला. न्यूझीलंडने १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच सिगारेट विकायची नाही असा कायदा २०२२ मध्ये केला आणि नव्या सरकारने २०२४ मध्ये तो अंमलात येण्याआधीच रद्द केला. हे तिन्ही दाखले तुमच्या विरोधात वापरले जातील, म्हणून आधी तुम्हीच मांडा. त्यांच्या शेजारी मालदीवचा दाखला ठेवा: १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखू विकायला तिथे १ नोव्हेंबर २०२५ पासून बंदी आहे. आजच्या व्यसनी माणसाच्या हातातली काडी हिसकावून न घेता पुढची पिढी वाचवायची ही वाट मुंबईच्या वाचकाला पटण्याची शक्यता जास्त आहे.

वाचनालयात बसा

अंक न चाळता लेख पाठवू नका. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा तुमच्या उपनगरातल्या कोणत्याही जुन्या वाचनालयात एक दुपार काढा. मासिकांच्या टेबलावर बसून तीन गोष्टी टिपा: पाहुण्या लेखकाचा लेख किती लांबीचा असतो, लेखाखाली लेखकाची ओळख कशी दिलेली असते, आणि गेल्या काही महिन्यांत तंबाखूवर काय येऊन गेलं. शब्द मोजायला जाऊ नका, एका स्तंभातल्या ओळी मोजून अंदाज बांधता येतो. विषय नुकताच येऊन गेला असेल तर तुमचा लेख त्याला उत्तर म्हणून किंवा त्याच्या पुढची पायरी म्हणून मांडता येतो का ते पाहा.

जाहिरातीही पाहा. तंबाखूची थेट जाहिरात कायद्याने बंद आहे, पण तंबाखूशी नाव जोडलेल्या ब्रँडची वेलची किंवा पानमसाला पानभर झळकत असेल तर तुमचा लेख त्याच अंकात कसा दिसेल, हे तुम्हीच ठरवायचं आहे. मी एवढ्या कारणाने कोणतंही दैनिक टाळणार नाही. त्याचा वाचक मला हवा आहे.

दैनिक: पत्र की लेख?

नवा लिहिणारा पत्राला कमी लेखतो. मला वाचकांच्या पत्रांचा कोपरा हे मुंबईतलं सगळ्यात उघडं दार वाटतं. लोकसत्तातलं 'लोकमानस' वाचणारा वाचक अग्रलेख वाचून तिथे येतो आणि वाद घालायच्या तयारीत असतो. महाराष्ट्र टाइम्स, लोकमत, सकाळ, नवशक्ती, पुढारी या सगळ्यांत वाचकांसाठी काही ना काही जागा असते. पत्राला पदवी लागत नाही, ओळख लागत नाही. लागते ती बातमी. काल-परवाच्या बातमीला धरून, दीडशे ते अडीचशे शब्दांत, एकच मुद्दा. खाली पूर्ण नाव, परिसर आणि संपर्क क्रमांक. क्रमांक छापत नाहीत, पण तो नसेल तर पत्र बाजूला पडतं.

संपादकीय पानावरचा लेख मात्र वेगळी मागणी करतो. तिथे संपादक विचारतो, हे तुम्हीच का लिहायचं? डॉक्टर, शाळेतली शिक्षिका, वकील, व्यसनमुक्तीत काम करणारा कार्यकर्ता, टपरीवर वर्षानुवर्षं सिगारेट विकून ती बंद केलेला दुकानदार, यातलं कोणी असाल तर ते पहिल्या ओळीत सांगा. यांपैकी कोणी नसाल तर पुरवणीचा विचार करा. शनिवार-रविवारच्या पुरवण्यांत कुटुंब, आरोग्य, पालकत्व या अंगाने आलेल्या लेखाला जागा मिळते, आणि घरातल्या बायका ते पान वाचतात. सिगारेट सोडवण्यात घरातल्या माणसांचा शब्द किती चालतो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या वाचकाचं मोल सांगायला नको.

एकच मुद्दा तीन ठिकाणी तीन प्रकारे कसा सुरू होईल, ते पाहा. मागणी आहे सुट्या सिगारेटीवरची बंदी खरोखर पाळली जावी, एवढी.

पत्र असेल तर:

'शाळेजवळच्या टपऱ्यांवर कारवाई झाल्याची बातमी वाचली. कारवाई शंभर यार्डांच्या नियमाखाली झाली, हे योग्यच. पण सुटी सिगारेट विकायला राज्यात सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे आणि ती शाळेजवळच काय, कुठेच विकता येत नाही. या नियमाखाली किती कारवाया झाल्या, हे महापालिका आणि पोलिसांनी जाहीर करावं.'

दैनिकातला लेख असेल तर:

'अकरावीतल्या मुलाच्या खिशात पाकिटाचे पैसे नसतात. एका सिगारेटीचे असतात. बहुतेकांचं व्यसन पाकिटाने नव्हे, एका सिगारेटीने सुरू होतं, आणि ती एक सिगारेट विकणं महाराष्ट्रात बेकायदा आहे.'

आणि कोपऱ्यावरच्या वार्ताफलकावर:

'सुटी सिगारेट विकणं आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला सिगारेट देणं, दोन्ही गुन्हे आहेत. आपल्या गल्लीतल्या मुलांसाठी आपल्या दुकानदारांनी हे थांबवावं, ही मंडळाची विनंती.'

पत्रात उत्तर मागितलं आहे, लेखात चित्र उभं केलं आहे, फलकावर ओळखीच्या माणसाला विनंती केली आहे. लेख एका जागेसाठी लिहून दुसरीकडे तसाच ढकलायचा म्हटलं तर हा फरक हरवतो.

कधी पाठवायचा

३१ मेला हात लावू नका असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसासाठी लेख पाठवायचा तर मे महिन्याच्या मध्यापर्यंत पोहोचायला हवा, कारण विशेष पानांची आखणी आधी होते. त्याहून चांगल्या वेळा दुसऱ्या आहेत. अर्थसंकल्पाच्या आसपास सिगारेटवरच्या कराची चर्चा असते. जूनच्या मध्यात मुंबईतल्या शाळा उघडतात तेव्हा शंभर यार्डांचा मुद्दा ताजा असतो. नागपूरचं हिवाळी अधिवेशन डिसेंबरात भरतं, त्याआधीच्या आठवड्यात आमदारांची कार्यालयं कात्रणं जमवत असतात. २ ऑक्टोबरला गांधीजयंतीच्या मजकुरात सार्वजनिक धूम्रपानबंदीची आठवण काढणारं कोणी नसतं, ती जागा रिकामीच आहे.

पाठवताना मजकूर युनिकोडमध्ये, ईमेलमध्येच चिकटवून आणि सोबत वर्डची फाइल जोडून पाठवा. मजकुराचा फोटो किंवा पीडीएफ पाठवलं की कोणाला तरी ते पुन्हा टाइप करावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणाकडे नसतो. सोबतच्या ईमेलमध्ये चार ओळी पुरेत: मी कोण, लेख काय मागतो, आत्ताच का, शब्दसंख्या किती. 'आपल्या लोकप्रिय दैनिकात' वगैरे गोडवे नकोत. आठवड्याभरात उत्तर नाही आलं तर एकदा विचारा. तरी नाही आलं तर 'हा लेख आता अन्यत्र पाठवत आहे' असं कळवून मोकळे व्हा. दोन दैनिकांना एकाच वेळी मात्र देऊ नका. मराठी संपादकांचं जग लहान आहे आणि एकच लेख दोन पानांवर आला की तिसऱ्यांदा तुमचं नाव पाहून कोणी फाइल उघडत नाही.

साप्ताहिकं, मासिकं, दिवाळी अंक

अडीच-तीन हजार शब्दांचा, आक्षेप घेऊन त्यांना उत्तर देणारा लेख असेल तर दैनिकात तो कापून टाकण्यापेक्षा नियतकालिकाकडे न्या. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेल्या 'साधना'चा वाचक सामाजिक प्रश्नांवर लांब वाचायला तयार असतो, पण कष्टकऱ्यांचा मुद्दा तुम्ही कसा हाताळता हे तो बारकाईने पाहील. 'आजचा सुधारक'सारख्या विवेकवादी नियतकालिकाचा वाचक तुम्हाला व्यक्तिस्वातंत्र्यावर धरेल: प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचं काय करावं हे सरकारने का सांगावं? त्याला 'सिगारेट वाईट असते' हे उत्तर पुरत नाही. निकोटीनची सवय बहुतेकांना अजाण वयात लागते आणि नंतर सोडायची इच्छा असूनही सुटत नाही, मग ती निवड खरोखर स्वतंत्र आहे का, इथून उत्तर सुरू करावं लागेल. हा वाद मला या विषयाचा गाभा वाटतो, आणि तो नीट घालायला मराठीत अशाच जागा आहेत.

मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका मुंबईचीच, पण तिथे आग्रही लेख नेऊ नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा कशी घेतो, निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत कसं पोहोचतं, फेकलेल्या थोटकातलं फिल्टर हे खरं तर सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लॅस्टिक असतं आणि पावसाळ्यात गटारातून समुद्रात जातं, असं काही वेगळं काढून लिहा.

दिवाळी अंकात द्यायचं असेल तर उन्हाळ्यातच बोलून ठेवा. गणपतीपर्यंत बहुतेक अंकांचा मजकूर ठरलेला असतो. अंक घरात वर्षभर राहतो हा त्याचा मोठा गुण आहे, पण तातडीची मागणी तिथे शिळी होते.

व्यसनमुक्ती संस्थांची प्रकाशनं आणि वार्तापत्रं हा सोपा रस्ता वाटतो. मुंबईत सलाम बॉम्बे फाउंडेशन २००२ पासून शाळकरी मुलांमध्ये तंबाखूविरोधी काम करतं, नशाबंदी मंडळ आहे, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. त्यांच्याकडून माहिती घ्या, लेख तपासून घ्या. पण पटवून देणारा लेख मुख्यतः तिथेच छापून थांबू नका, कारण तिथला वाचक आधीच तुमच्या बाजूचा आहे.

दिल्लीला ऐकू जायचं असेल तर

संपूर्ण बंदीची मागणी असेल तर इंग्रजीतही लिहावं लागेल. मुंबईच्या इंग्रजी दैनिकांत मत मांडणारे लेख साधारण आठशे ते हजार शब्दांचे असतात. मराठीचं भाषांतर न करता नव्याने लिहा, तिथल्या वाचकाला सोलापूर समजावून सांगावं लागतं आणि कोटपा नाही.

पण कात्रणाचा खरा उपयोग त्यानंतर होतो. छापून आलेला लेख एका पानी पत्राला जोडून तुमच्या खासदाराला पाठवा आणि नेमकी मागणी करा: या विषयावर लोकसभेत प्रश्न विचारावा, किंवा खासगी विधेयक मांडावं. मुंबईला याचा वारसा आहे. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ ला देशभर बंदीचा आदेश दिला, तो मुरली देवरा यांच्या याचिकेवर. दक्षिण मुंबईचा एक राजकारणी न्यायालयात गेला आणि कोटपा येण्याच्या दोन वर्षं आधी सिनेमागृहं, दवाखाने, रेल्वे, बस यांतला धूर कायद्याने थांबवायची सुरुवात झाली. तुमच्या पत्रात हे एक वाक्य घाला. आयुर्विमा महामंडळासारख्या सरकारी संस्थेकडे देशातल्या सगळ्यात मोठ्या सिगारेट कंपनीचे समभाग आहेत, हेही खासदाराला विचारण्यासारखं आहे. आरोग्य खातं पाकिटावर इशारा छापायला लावतं आणि सरकारी विमा कंपनी त्याच पाकिटाच्या नफ्यात भागीदार असते, हे मला सहन होत नाही आणि वाचकालाही होऊ नये.

गल्ली

गिरणगावात अजूनही कोपऱ्याकोपऱ्यावर मंडळांचे वार्ताफलक आहेत. परळला टाटा रुग्णालयाच्या बाहेर फुटपाथवर राज्याराज्यांतून आलेली रुग्णांची कुटुंबं बसलेली दिसतात आणि तिथून चालत जाण्याच्या अंतरावर सिगारेट मिळते. अशा ठिकाणी रोज हजारो माणसं थांबून वाचतात तो फलक कोणत्याही पुरवणीपेक्षा कमी नाही. मंडळाच्या कार्यकर्त्याला भेटा, साठ शब्दांच्या आत मजकूर द्या, मोठ्या सुवाच्य अक्षरात लिहिणारा त्यांच्याकडे असतोच.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत, सोसायटीच्या वार्षिक अहवालात, कॉलेजच्या नियतकालिकात, शाळेच्या पालकसभेत वाटायच्या एका पानावर, लोकलच्या रोजच्या डब्यातल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे लोक तुम्हाला ओळखतात तिथे शब्दाला वजन असतं. स्मरणिकेला देण्याआधी मंडपाच्या कमानीवर कोणाची जाहिरात आहे ते विचारा. पानमसाल्याची असेल तर अध्यक्षांशी सरळ बोला. लेख छापला नाही तरी चालेल, ती कमान पुढच्या वर्षी बदलली तर तुमच्या लेखाने छापून येण्यापेक्षा मोठं काम केलं.

कॉलेजातल्या मुलांना वेगळं सांगते. निबंधस्पर्धेसाठी लिहिलेला निबंध तसाच पाठवू नका. 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' ने सुरू होणारा परिच्छेद काढून टाका, तिसऱ्या परिच्छेदात तुमचा खरा मुद्दा असतो. तिथून सुरू करा.

कुठे देऊ नये, आणि देताना काय तपासावं

छापण्यासाठी पैसे मागणारी जागा सोडा. प्रमाणपत्र, सन्मानचिन्ह, 'उत्कृष्ट लेखक' असं काही देऊन नोंदणी शुल्क घेणारी संकलनं कोणी वाचत नाही, त्यातले लेखकच ती विकत घेतात. स्पर्धेचे नियम वाचा. पाठवलेल्या प्रत्येक निबंधावर आयोजकांचा हक्क राहील असं लिहिलं असेल तर जिंकलात किंवा हरलात, लेख हातचा गेला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखाचा पहिला मालक लेखकच असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. दैनिकाशी वेगळा करार झाला नसेल तर नंतर लेख पुस्तकात किंवा अन्यत्र घ्यायला अडचण नसते, तरी आधी विचारून 'पूर्वप्रसिद्धी' म्हणून उल्लेख करावा.

दोन गोष्टींत काटेकोर राहा. रुग्णाची गोष्ट घ्यायची तर परवानगी घ्या, नाव, गाव, आजाराचा टप्पा आणि फोटो असं ओळख पटणारं काही छापू नका, शेजारच्या काकांचंही नाही. आणि कंपनीचं नाव घ्यायचं तर फक्त पुराव्याने सिद्ध होणारं लिहा. 'अमुक कंपनी मुलांना व्यसन लावते' हे वाक्य तुम्हाला खरं वाटत असलं तरी बदनामीचा खटला तुमच्यावर आणि संपादकावर दोघांवर येऊ शकतो, आणि त्या भीतीने संपादक पूर्ण लेखच बाजूला ठेवतो. 'शाळेच्या फाटकासमोर सुटी सिगारेट विकली जाते' हे पुरेसं तिखट आहे आणि फोटोने सिद्ध होतं.

छापून आल्यावर

शीर्षक बदललेलं असेल, शेवटचा परिच्छेद कापलेला असेल. मागणीचं वाक्य कापलं गेलं असेल तर मात्र संपादकाला कळवा आणि पुढच्या लेखात ते वाक्य वरच्या अर्ध्यात घ्या, कापाकापी खालून होते. छापील पानाचा फोटो आणि ऑनलाइन दुवा दोन्ही जपा. आलेल्या प्रतिक्रियांतून सगळ्यात बोचरा आक्षेप निवडा, पुढचं पत्र त्याच्यावर लिहा.

लेख कुठेही द्या, दैनिकाला, साप्ताहिकाला किंवा फलकाला, संपादकाला एक चौकट मागून घ्या. बंदीचा लेख वाचणाऱ्यांत सिगारेट ओढणाराही असतो आणि त्याला कायदा बदलेपर्यंत थांबायचं कारण नाही. तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला देणारी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून तिचा क्रमांक पाकिटांवरही छापतात. चौकटीत एवढंच हवं: 'तंबाखू सोडायचा आहे? फोन करा: १८००-११-२३५६.' मुद्रितशोधनाला पान गेलं की हा क्रमांक स्वतः पुन्हा एकदा तपासून द्या.